नाशिकहून केनिया: सहल आखायची तर आधी तिथला पाऊस बघा

केनियाला जायचं ठरलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मे महिन्यात जाऊ, पोरांना सुट्टी आहे." घोटाळा तिथेच होतो. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत छोटा पाऊस. म्हणजे आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या तिथल्या दोन्ही पावसांत सापडतात.

पावसाने बिघडतं काय? मसाई मारा हे तिथलं सगळ्यात गाजलेलं अभयारण्य, आणि त्याची जमीन बऱ्याच भागात काळी, चिकट आहे. निफाडकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जंगलातले रस्ते मातीचे. एकदा चाक बसलं की दुसरी गाडी येऊन ओढेपर्यंत सकाळ गेली, आणि सकाळ गेली म्हणजे दिवस गेला. शिवाय गवत वाढतं आणि गुडघाभर गवतात बसलेला सिंह वीस फुटांवरूनही दिसत नाही.

मग जायचं कधी? शाळा बघून जायचं तर जूनचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात शहाणपणाचा पर्याय. राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात, तिथला मोठा पाऊस तोवर ओसरलेला असतो, आणि माराचं प्रवेशशुल्क अजून कमी दराचं असतं. २०२४ पासून परदेशी प्रौढाला माराचं तिकीट जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. आई, बाबा आणि बारा वर्षांचा मुलगा, दोन दिवसांची तिकिटं धरली तर जूनमध्ये ५०० डॉलर, जुलैत ९००. त्याच तिघांचं, त्याच दोन दिवसांचं. जूनची उणी बाजूही सांगायला हवी: गवत अजून उंच असतं आणि टांझानियातल्या सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे, म्हणजे बैलासारख्या थोराड हरणांचे कळप बहुधा पोचलेले नसतात. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते तिथेच राहतात, त्यांना हंगाम नसतो.

नदी ओलांडणारे कळप हाच हट्ट असेल तर जुलैची अखेर ते सप्टेंबर. त्यातले सुट्टीचे दिवस म्हणजे गणपती, आणि गणपतीत घर सोडून निघणारं कुटुंब नाशकात शोधावं लागेल. दिवाळीत जायचंच असेल तर जा, छोटा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येऊन जातो. फक्त हिशोब लक्षात ठेवा: दर हंगामाचा, हवा पावसाची. दोघंच जाणार असाल, शाळेचं बंधन नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीसारखा काळ नाही. हवा कोरडी, गवत कमी, माराचं तिकीट १०० डॉलर.

नकाशावर जवळ, रस्त्याने लांब

दुसरी चूक म्हणजे आठ दिवसांत सहा अभयारण्यं. एजंटच्या कागदावर ती छान दिसतात. प्रत्यक्षात रोज पाच तास गाडीत, दुपारी पोचायचं, दमून जेवायचं, सकाळी पुन्हा बॅगा. एका जंगलात किमान दोन रात्री आणि मारात तीन, हा नियम मोडू नका. एक रात्र मुक्काम म्हणजे हाती एक संध्याकाळ आणि अर्धी सकाळ, आणि प्रवेशशुल्क मात्र पूर्ण.

नकाशात अंबोसेली आणि मारा दोन्ही टांझानियाच्या सीमेला चिकटून दिसतात. वाटतं, एकाकडून दुसरीकडे सरळ जाऊ. तसा नीट रस्ता नाही, नैरोबीकडे वर येऊन पुन्हा खाली उतरावं लागतं आणि तो दिवस पूर्ण गाडीत जातो. म्हणून मध्ये सरोवराकाठचं नैवाशा घालायचं. नऊ रात्रींची चांगली मांडणी अशी होते: नैरोबी एक रात्र, अंबोसेली दोन, नैवाशा दोन, मारा तीन, परतताना नैरोबी एक. नैवाशा नैरोबीपासून ९० किलोमीटरवर. तिथून नाकुरू सरोवराचं राष्ट्रीय उद्यान एका दिवसात बघून येता येतं, नाहीतर त्या दिवशी हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकल चालवता येते. झेब्र्यांच्या शेजारून सायकल, हे मुलांना सिंहापेक्षा जास्त लक्षात राहतं. नाकुरू गेंड्यांसाठी घ्या, काळे आणि पांढरे दोन्ही. फ्लेमिंगोसाठी जाऊ नका. सरोवराची पातळी वाढल्यापासून ते बरेचसे बोगोरिया सरोवराकडे गेले आहेत, जुने फोटो अजून तेच दाखवतात.

मारा शेवटी ठेवायचं कारण साधं आहे. ते आधी झालं की बाकीचं फिकं वाटतं.

अंबोसेलीत दोन रात्री का, तर किलिमांजारोमुळे. ५,८९५ मीटरचा तो डोंगर टांझानियात आहे, पण त्याचं उत्तम दर्शन इकडून होतं, तेही पहाटे. उजाडल्यापासून तासभर शिखर स्वच्छ, नऊ-दहापर्यंत ढग चढतात आणि मग कधी संध्याकाळी पुन्हा उघडतं, कधी नाही. दोन रात्री म्हणजे दोन पहाटा.

गाडी ठरवताना विचारायचे प्रश्न

लॉजच्या फोटोंवर लोक तासभर घालवतात आणि गाडीबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. जागेपणीचे निम्मे तास गाडीत जाणार असतात.

छत वर उचलणाऱ्या दोन प्रकारच्या गाड्या मिळतात: व्हॅन आणि फोर बाय फोर लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त. कोरड्या दिवसांत, अंबोसेली-नाकुरूपुरती ती चालून जाते. मारासाठी, आणि पावसाची जरा शक्यता असली तरी, लँड क्रूझरच घ्या. वर सांगितलेली काळी माती. गाडी कोणतीही असो, प्रत्येकाला खिडकी मिळणार का हे लेखी घ्या. "सात सीटर" म्हणजे सात खिडक्या असं नसतं.

पुढचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, म्हणजे उत्तर राहतं. गाडी आमच्यापुरती की इतरांबरोबर? पेट्रोल, पार्कचं शुल्क, ड्रायव्हरचा मुक्काम धरलाय का? किलोमीटरची मर्यादा आहे का? गाईडकडे केनियातल्या व्यावसायिक सफारी गाईड संघटनेचं प्रमाणपत्र आहे का, आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड यातलं कोणतं? ब्राँझवालाही चांगला असू शकतो. पण हा प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला एजंट जरा जपून गाईड देतो. आणि शेवटचा: लॉज कुठल्या गेटजवळ, गेटपर्यंत किती मिनिटं? गेटपासून पाऊण तास लांबच्या स्वस्त लॉजमध्ये रोज सकाळी सगळ्यात चांगला पाऊण तास बाहेरच जातो.

माराचं तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं दिवसाचं आहे. दुपारी चारला पोचून फेरी मारली तरी त्या दिवसाचे पूर्ण पैसे. म्हणून नैवाशाहून पहाटे निघून दुपारच्या आत पोचायचं, नाहीतर पोचल्या दिवशी गेटबाहेरच्या लॉजवर आराम करून दुसऱ्या दिवसापासून तिकीट सुरू करायचं. अधलंमधलं करू नका.

बजेट मोकळं असेल तर माराला लागून असलेल्या खासगी संरक्षित क्षेत्रांत दोन रात्री घ्या, नाबोइशो किंवा मारा नॉर्थमध्ये. तिथे गाड्या मोजक्या, रस्ता सोडून प्राण्याजवळ जाता येतं, रात्रीची फेरी आणि पायी फिरणंही होतं. मुख्य अभयारण्यात यातलं काहीच चालत नाही.

कागद आणि लस

आता केनियाचा व्हिसा नाही. जानेवारी २०२४ पासून ईटीए, म्हणजे आधी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी लागते, तान्ह्या बाळालाही वेगळी. शुल्क सुमारे ३० डॉलर. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता डॉट जीओ डॉट केई ने संपतो. गुगलवर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातींतली बरीच मध्यस्थांची दुकानं असतात, काम तेच, पैसे दुप्पट. लागतं काय, तर पोचल्यापासून सहा महिने मुदतीचा पासपोर्ट, फोटो, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट. तीन दिवसांत मिळते असं सांगतात, आपण दोन-तीन आठवडे आधी भरावं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा गिव्हन नेमच्या रकान्यात असतं. विमानाच्या तिकिटात ते गाळलं आणि ईटीएत घातलं की काउंटरवर वेळ जातो.

पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच होतं, पण लस घेण्याआधी करा. पिवळ्या तापाच्या लसीच्या पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्ट क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांक बदलला की पुन्हा फेरी.

या लसीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ती मागत नाही. मागतो तो भारत, परत येताना. पुस्तिका नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. म्हणजे एकदाच टोचायचं. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते, रोज नाही. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी माणसं जमवून देतात. त्यामुळे दीड-दोन महिने आधी वेळ घ्या. ६० वर्षांवरचे, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, गरोदर स्त्रिया आणि नऊ महिन्यांखालची बाळं यांचं आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी हे विचारा, नंतर नाही.

मलेरिया: नैरोबीत धोका कमी, मारात आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर गोळी घेण्याइतका. कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील. लोक चुकतात ते परत आल्यावर. डॉक्सीसायक्लिन घरी आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. विमान उतरलं की पाकीट कपाटात जातं आणि तिसऱ्या आठवड्यात ताप येतो.

विम्यात हवाई रुग्णवाहिका धरलेली असावी. मारातून नैरोबीच्या रुग्णालयापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास लागतात.

डॉलरच्या नोटा कोऱ्या, शाई न लागलेल्या आणि २०१३ नंतरच्या घ्या, जुन्या नोटा तिथे बऱ्याचदा नाकारतात. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने आधीच घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, तेवढ्यासाठी एजंटकडून प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

बॅगेत काय, आणि कशात

केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे, आणि ती आपल्याकडच्यासारखी कागदावर नाही. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. आपली बॅग भरायची पद्धत आठवा: चपला एका पिशवीत, ओले कपडे एका, चिवडा तिसरीत, त्यावर रबर. हे सगळं घरीच काढायचं. चपलांना जुन्या उशीची खोळ, चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यात, कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं मूळ वेष्टनात असतील तर चालतात. प्रत्येकाची स्टीलची बाटली. ड्यूटी फ्रीची प्लॅस्टिक पिशवीही उतरण्याआधी रिकामी करा.

जेवणाची फार चिंता नको. मोंबासा-युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ दरम्यान बांधली गेली ती हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांच्या हातांनी, आणि त्यानंतर गुजराती व्यापारी तिथे रुजले. नैरोबीच्या पार्कलँड्स भागात शाकाहारी थाळी सहज मिळते. लॉजच्या बुफेत डाळ-भात-भाजी असते, जैन जेवण हवं तर बुकिंगच्या वेळी सांगा. स्वाहिलीत चहाला चाय म्हणतात आणि चपातीला चपातीच.

कपडे खाकी, करडे, मातकट. लष्करी छापाचे ठिपक्यांचे कपडे कायद्याने चालत नाहीत, आणि गडद निळ्या-काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या येतात. विषुववृत्तावरचा देश म्हणून लोक स्वेटर काढून ठेवतात आणि पहाटे कुडकुडतात. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, मारा त्याच पट्ट्यात. जून-जुलैत उघड्या छताच्या गाडीतली सकाळ म्हणजे नाशिकची डिसेंबरातली सकाळ, वर वारा. कानटोपी घ्याच. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर माणशी १५ किलो आणि बॅग मऊ, कडक ट्रॉली चालत नाही.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. एक अ‍ॅडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. तंबूत वीज ठरावीक तासच असते, तेवढ्यात चार फोन आणि कॅमेरा चार्ज व्हायला हवा.

दुर्बीण घरटी एक पुरत नाही, माणशी एक हवी. प्राणी दिसतो तेव्हा चौघांनाही त्याच दहा सेकंदांत बघायचं असतं. ८×४२ मापाची चांगली, मुलांना ८×३२ हलकी पडते. कॅमेऱ्याला किमान ३०० मिलिमीटरची लेन्स, आणि तिला टेकायला वाळूच्या उशीसारखी पिशवी. ही विकत घेऊ नका. जाड सुती कापडाची, एक वीत रुंद आणि दीड वीत लांब पिशवी शिवून घ्या, तोंडाला चेन, आणि रिकामीच न्या. नैरोबीत दीड किलो तांदूळ घेऊन भरायचा. पूर्ण ठासायची नाही, पाऊण भरली की लेन्स तिच्यात नीट बसते. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर सगळे फोटो हललेले येतात. अंबोसेलीत लेन्स बदलू नका. तिथली धूळ खारी आणि पिठासारखी बारीक आहे, सेन्सरवर बसली की निघत नाही.

सराव जवळच होतो. निघण्याच्या आधीच्या हिवाळ्यात दोन रविवार नांदूर मध्यमेश्वरला काढा. राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, तासाभरावर असताना दुर्बीण पहिल्यांदा मारात उघडणं म्हणजे निम्मे पक्षी सोडून देणं.

जंगलातला दिवस

विषुववृत्तामुळे वर्षभर सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, साडेसहाच्या सुमाराला मावळतो. पहिली फेरी सहाच्या आसपास, नाश्ता डब्यात घेऊन. नाश्ता करून आठला निघणाऱ्यांना झोपलेले सिंह दिसतात. दुसरी फेरी साडेतीन-चारला. मधल्या वेळी झोपा, प्राणीही तेच करतात.

गाडीतून उतरता येत नाही आणि शौचालयं मोजक्या जागी आहेत. सकाळचा चहा अर्धा कप. रस्त्यावरच्या धक्क्यांना तिथले ड्रायव्हर हसून आफ्रिकन मसाज म्हणतात, कंबरदुखी असणाऱ्याने मागच्या चाकावरची सीट टाळून पुढे बसावं. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना चार तास गप्प बसवणं हा त्यांच्यावर आणि गाडीतल्या सगळ्यांवर अन्याय आहे, एकेक फेरी आळीपाळीने सोडा.

एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या असा मारात नियम आहे. ड्रायव्हरला रस्ता सोडायचा आग्रह करू नका, दंड होतो आणि तो त्याला भरावा लागतो. सिंह शोधायची घाई केली की दिवसभर गाडी वायरलेसच्या मागे पळते. एका पाणवठ्यावर चाळीस मिनिटं थांबायला सांगून बघा. आधी हरणं मान वर करतात, सगळी एकाच दिशेला. मग कळतं.

नाकुरूत बबून माकडं उघड्या खिडकीतून डबा नेतात. सप्तशृंग गडावर प्रसादाची पिशवी गमावलेल्यांनी तीच सावधगिरी बाळगावी: काच वर, खाऊ सीटखाली.

शहरं

नैरोबीला एक पूर्ण दिवस पुरतो. सकाळी नैरोबी राष्ट्रीय उद्यान: १९४६ चं, ११७ चौरस किलोमीटरचं, सिंहामागे उंच इमारती दिसतात असं. मग शेल्ड्रिकच्या हत्तींच्या अनाथालयात अकरा ते बारा, एवढा एकच तास उघडं असतं आणि आधी बुकिंग लागतं. दुपारी जिराफ सेंटर. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवा, आणि रस्त्यावर फोन हातात धरून उभं राहू नका.

समुद्र हवा असेल तर तीन रात्री वाढवून मोंबासा. विमानापेक्षा रेल्वे घ्या. २०१७ मध्ये सुरू झालेली ही गाडी त्सावोच्या जंगलातून जाते आणि तांबड्या मातीने माखलेले हत्ती खिडकीतून दिसू शकतात. पाच-सहा तास लागतात. दोन्हीकडची स्टेशनं शहराबाहेर आहेत आणि सामानाची तपासणी कडक असते, गाडीच्या दीड तास आधी पोचा. तिथे पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये बांधलेला फोर्ट जीझस सकाळी उन्हाआधी बघून घ्या.

निघताना आणि परतताना

समृद्धी महामार्गामुळे इगतपुरी ते आमणे झटक्यात होतं. खोळंबा त्यानंतर, भिवंडी ते माजिवड्यापर्यंत. नाशिकहून विमानाच्या आठ तास आधी निघा, पावसाळ्यात नऊ. रेल्वेवर विसंबू नका, कसारा घाटात दरड आली की पर्याय उरत नाही.

परतताना पिवळी पुस्तिका हातातल्या बॅगेत, पासपोर्टच्या आत. ती मुंबईत इमिग्रेशनच्या आधी आरोग्य तपासणीच्या टेबलावर मागतात, आणि चेक-इन केलेलं सामान त्यानंतर मिळतं.